ग्रीसचा डबा आणि नववीतली मुलं

नववीत मुलगा शाळा सोडायला निघाला की मी त्याच्या घरच्यांना बोलावून घेते. बहुतेक वेळा अम्मी येते, कधी चाचा येतात. बोलणं ठरलेलं असतं. "टीचर, शेवटी त्याला गॅरेजातच जायचंय. मग दहावी कशाला? दोन वर्षं आधी गेला तर दोन वर्षं आधी हातात हुनर येईल." या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या समाजात किती घरं गॅरेजच्या कमाईवर उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, वडिलांचा हज झाला, हे मला माहीत आहे. माझं स्वतःचं घर त्यातलंच. पण "गॅरेजात जायचंय म्हणून शिक्षण नको" हे गणित मला पटत नाही, आणि त्याचं कारण सांगायला मी ग्रीसच्या डब्याचं उदाहरण देते. आज तेच जरा सविस्तर लिहिते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. ग्रीसवर लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच की मी चिपळूणच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी आहे आणि आमच्या घरात इंग्रजी अक्षरं लावून वाचणारी पहिली मीच. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले. गाडी गेटातून आत येतानाच कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय हे ते आवाजावरून सांगायचे. नवा माल आला की मात्र मला हाक मारायचे, "बेटा, यावर काय लिहिलंय बघ जरा." मी एकेक अक्षर वाचायची: एनएलजीआय, ईपी, लिथियम. अर्थ त्यांनाही माहीत नव्हता आणि मलाही. तो समजायला बरीच वर्षं गेली. धाकट्या भावानं आयटीआय केलं, त्याची पुस्तकं घरात आली, तेव्हा त्या अक्षरांना तोंड फुटलं.

वर्गात 'ग्रीस' म्हटलं की मराठीच्या तासाला मुलं हसतात. एक देश आणि एक डब्यातला चिकट पदार्थ, दोघांचं नाव एकच. उर्दूच्या तासाला ही अडचण येत नाही, कारण तिथं देश यूनान असतो. मराठीला या पदार्थासाठी आपला जुना शब्द आहे, वंगण. आजोबांच्या बैलगाडीच्या आसाला जे घालायचे ते वंगण. त्यात एरंडेल तेल असायचं आणि त्याचा वास घरभर यायचा.

तर ग्रीस म्हणजे काय? घट्ट तेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. स्पंज पाणी धरतो तसा हा साबण तेल धरतो. दाब आला, उष्णता आली की थोडं तेल बाहेर सोडतो आणि धातूवर पातळ थर राहतो. डब्यातला बहुतेक भाग तेलच असतो. साबण थोडा असतो, आणि त्याहून थोडी असतात ती पूरक रसायनं, म्हणजे गंज रोखणारी, जबर दाबात धातूला धातू घासू न देणारी. 'ईपी' ही अक्षरं या शेवटच्या कामासाठी असतात. ईपी म्हणजे अतिदाब सहन करणारं.

साबण कुठल्या धातूचा, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचं साधं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण तापलं की लवकर पातळ होतं. सोडियमचं उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण पाण्यात विरघळतं. कोकणात ते काय कामाचं? 1942 साली अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल या संशोधकाला लिथियम साबणाच्या ग्रीसचं पेटंट मिळालं. या ग्रीसला पाणीही चालतं आणि उष्णताही चालते, म्हणून पुढे जगभर तेच पसरलं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा लिथियमचा साबण ज्या आम्लापासून करतात ते एरंडेल तेलापासून मिळतं. आणि जगात सगळ्यात जास्त एरंड आपल्या देशात पिकतो, त्यातही गुजरातेत. म्हणजे आजोबांच्या बैलगाडीचं एरंडेल अजून चाकातच आहे, फक्त वेश बदलून.

आता डब्यावरचा आकडा. हा आकडा ग्रीस किती घट्ट आहे ते सांगतो. अमेरिकेतल्या नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे एनएलजीआय. 25 अंश तापमानाच्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा एक शंकू पाच सेकंद सोडतात आणि तो किती खोल रुतला ते मोजतात. त्यावरून 000 ते 6 अशा नऊ पायऱ्या केल्या आहेत. मुलांना मी स्वयंपाकघरातून समजावते. 00 म्हणजे चुलीवरची फिरनी, ओतली की वाहणारी. 2 म्हणजे श्रीखंड, चमच्यावर उभं राहतं पण बोटानं सहज पसरतं. 3 म्हणजे थंडीतला डालडा. गॅरेजमध्ये ज्या डब्याला सगळे 'एपी थ्री' म्हणतात, त्यातला तीन हा याच पायरीचा.

आता दोन जागा घ्या, चाकाचं बेअरिंग आणि विंचचे गिअर. दोन्हीकडे लोखंडावर लोखंड फिरतं, दोन्हीकडे ग्रीस लागतं. एकाच डब्यातून दोन्ही का भरू नये?

आधी चाक. ट्रक, टेंपो, जुन्या जीपगाड्या यांच्या हबमध्ये दोन टेपर बेअरिंग असतात, एक आत, एक बाहेर. गाडीचं वजन त्यांच्यावर. चाक सतत आणि वेगानं फिरतं, त्यामुळे पातळ ग्रीस असेल तर बाहेर फेकलं जातं. शेजारीच ब्रेक असतो. कुंभार्ली घाट लोड गाडीनं उतरताना ड्रम तापतो आणि ती धग हबमध्ये येते. म्हणून इथं जागेवर टिकणारं, 2 किंवा 3 आकड्याचं, उष्णता सोसणारं ग्रीस हवं. साधं लिथियम ग्रीस साधारण 180 ते 200 अंशांना पातळ होऊन थेंब टाकू लागतं. 'लिथियम कॉम्प्लेक्स' लिहिलेलं ग्रीस 250 च्या पुढे जातं. हा आकडा म्हणजे वापराची मर्यादा नव्हे. रोजच्या वापरात त्याच्या बरंच खाली राहायचं असतं. डब्यावर 'जीसी' अशी अक्षरं असतील तर ते ग्रीस चाकाच्या बेअरिंगच्या कडक कामासाठी तपासलेलं आहे असं समजायचं. त्याला जोडून येणारं 'एलबी' चासीच्या सांध्यांसाठी असतं.

चुकीचं ग्रीस इथं काय करतं? वितळतं, ऑईल सीलमधून बाहेर येतं आणि ब्रेकच्या लायनरवर जातं. म्हणजे घाटाच्या मध्यावर एकाच वेळी बेअरिंग कोरडं आणि ब्रेक तेलकट. बेअरिंग जाम होऊन चाक निखळल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या प्रत्येकीमागे ग्रीसच असतं असं नाही, पण जे कारण हातात आहे ते तरी हातात ठेवावं.

आता विंच. भावाकडे जीपला बसवलेली बारा व्होल्टची इलेक्ट्रिक विंच आहे. दरीकडे घसरलेली गाडी तिनं ओढून काढायची आणि मग टोचन करून आणायची. हिच्यात मोटर भरभर फिरते, पण ड्रम सावकाश फिरतो, कारण मधे प्लॅनेटरी गिअरचे टप्पे असतात. मधे एक गिअर, त्याच्याभोवती फिरणारे तीन-चार छोटे, आणि बाहेर आतून दाते असलेलं कडं. वेग कमी होतो आणि ताकद वाढते. इथं चाकासारखा तासन्‌तास वेग नाही. काम दहा मिनिटांचं, पण दातांवरचा दाब प्रचंड.

इथं डालड्यासारखं घट्ट ग्रीस भरलं तर काय होतं? पहिल्या फेऱ्यातच दात ते ग्रीस बाजूला लोटतात. ते भिंतीला चिकटून बसतं आणि परत दातांवर येतच नाही. शेतात नांगराच्या फाळानं माती बाजूला होते आणि सरी उघडी राहते, तसं. झाकण उघडलं तर आत ग्रीस भरपूर दिसतं, आणि दात मात्र कोरडे. म्हणून अशा गिअरबॉक्सला बरेचदा 0 किंवा 00 आकड्याचं, ओघळून परत दातांवर येणारं ईपी ग्रीस सांगितलेलं असतं. काही कंपन्या 1 किंवा 2 सांगतात, कारण त्यांची रचना वेगळी असते आणि सील पातळ ग्रीस धरत नाही. म्हणून शेवटचा शब्द त्या विंचच्या पुस्तकाचा. ते पुस्तक पुन्हा इंग्रजीत, हे वेगळं सांगायला नको.

या विंचमध्ये आणखी एक खोच आहे. बऱ्याच इलेक्ट्रिक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. ओझं खाली सोडताना तोच ते धरतो आणि चांगला तापतो. गिअरकडचं ग्रीस जास्त भरलं आणि पाझरून ब्रेकवर गेलं, तर वायरवर लटकलेली गाडी सुटते. खाली दोर बांधायला उतरलेला मुलगा उभा असतो. तो सतरा-अठरा वर्षांचा, आणि बरेचदा आमच्याच शाळेतून गेलेला.

अब्बांच्या वेळची जुनी क्रेनही अजून चालते. तिची विंच वर्म गिअरची. स्क्रूसारखा एक पोलादी दांडा आणि त्यावर फिरणारं गनमेटलचं चाक. हिला ग्रीस नाही, गिअर ऑईल लागतं, आणि तेही कुठलंही नाही. काही ईपी तेलांतलं गंधक तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूला खातं. गनमेटल काळं पडतं आणि दात झिजतात. म्हणजे 'ईपी' हे जे अक्षर प्लॅनेटरी विंचला हवंहवंसं, तेच इथं विचारून घ्यावं लागतं. शब्द तोच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. भाषेच्या शिक्षिकेला हे नवं नाही.

वायर रोपलाही लोक घट्ट ग्रीस थापतात. बाहेरून चकचकीत दिसतं, पण आतल्या तारांपर्यंत काही पोचत नाही. उलट त्या थराखाली पाणी अडकतं आणि वरती रेती चिकटते. तिथं आत झिरपणारं पातळ तेल हवं.

आता रंगाचं. "कुठलं ग्रीस आहे?" असं विचारलं की मुलं सांगतात, "लाल." किंवा "निळं. निळं भारी असतं, टीचर." रंग हा फक्त घातलेला रंग असतो. लाल ग्रीस लिथियमचं असू शकतं, दुसऱ्या कशाचंही असू शकतं. दोन कंपन्यांची दोन लाल ग्रीसं एकत्र केली तर काय होईल हे रंग सांगत नाही. काही साबण एकमेकांशी जमवून घेतात, लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स बहुधा जमवून घेतात. काही अजिबात नाही. लिथियमच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीवर केलेलं ग्रीस मिसळलं, तर दोघंही आपलं तेल सोडून देतात आणि हबमध्ये सूप तयार होतं. भावाकडे एकदा असाच एक टेंपो आला होता. दुसरीकडून महिनाभरापूर्वीच चाकाचं ग्रीस करून घेतलेलं. हब उघडला तर ग्रीस ओघळत होतं. जुनं न काढता त्यावर नवं भरलं होतं. म्हणून नियम सोपा आहे: ग्रीस बदलायचं तर जुनं डिझेलनं पूर्ण धुवायचं, बेअरिंग कोरडं करायचं आणि मगच नवं.

आणि किती भरायचं? आमच्याकडे सढळ हात चांगला मानतात, पाहुणचारात तो शोभतोही. हबमध्ये शोभत नाही. बेअरिंगच्या रोलरांमध्ये ग्रीस पूर्ण दाबून भरायचं, तळहातावर घेऊन मोठ्या बाजूनं दाबत दाबत, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. पण हबच्या पोकळीत एक तृतीयांश ते अर्धं एवढंच. ठासून भरलं तर ग्रीस घुसळलं जातं आणि घुसळल्यानं तापतं. थंड ठेवायला घातलेलं वंगणच उष्णता तयार करतं.

22 जुलै 2021 चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माणसांचे हाल काय झाले ते अनेकांनी लिहिलंय. गाड्याही बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर जो तो इंजिनच्या मागे लागला. ऑईल बदला, एअर फिल्टर बदला, गाडी चालू करा. गाडी चालू झाली की माणूस सुटकेचा श्वास टाकायचा. हबकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पण चिखलाचं पाणी सीलमधून आत गेलेलं असतं. पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ दिसतं, चहात दूध ओतल्यासारखं. त्यानं गाडी लगेच थांबत नाही. रोलरवर गंजाचे बारीक ठिपके पडतात, काही आठवड्यांनी गुणगुण सुरू होते आणि मग एका दिवशी घाट येतो. भावानं त्या पावसात दारात आलेल्या प्रत्येक गाडीचे हब उघडले, जिथं उघडण्यासारखे होते तिथं. हल्लीच्या अनेक मोटारींत हब-बेअरिंग सीलबंद येतं, त्यात ग्रीस भरता येत नाही, खराब झालं तर सगळंच बदलावं लागतं. विंचही त्यानं खोलली. काही गिऱ्हाइकं चिडली, "चालतेय ना गाडी, कशाला खर्च वाढवता?" तो म्हणायचा, "नको असेल तर नका करू, पण मी सांगितलं होतं हे लक्षात ठेवा."

मला इथं 'अमानत' हा शब्द आठवतो. गिऱ्हाईक गाडी ठेवून जातं तेव्हा ते हबच्या आत बघणार नसतं. कुठलं ग्रीस घातलं, जुनं धुतलं की नाही, हे ते कधीच तपासणार नसतं. जे कुणी बघणार नाही तेही नीट करणं, यालाच आपण अमानत म्हणतो. जुम्याच्या खुतब्यात हा शब्द ऐकतो, तेव्हा मला दरवेळी बंद हब दिसतो. नियत चांगली असली की अमानत पाळली, असं मात्र नाही. अब्बांच्या जुन्या दोस्तांमध्ये अतिशय नेक मिस्त्री होते, ते जे डब्यात असेल ते मनापासून भरायचे. नियतीसोबत इल्मही लागतं. उस्तादाकडून मिळणारं इल्म खरंच आहे. नट कसताना चाक हातानं फिरवत राहायचं, घट्ट लागलं की किंचित मागे घ्यायचं, हे 'किंचित' कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं. ते मनगटात असतं आणि शेजारी बसूनच शिकावं लागतं. पण उस्तादाच्या काळात जे ग्रीस नव्हतं ते उस्ताद कसं सांगणार? ते डबाच सांगतो, ज्याला वाचता येतं त्याला.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांकडून मी एक तक्ता करून घेतला. सुट्टीत जी मुलं गॅरेजमध्ये जातात त्यांनी डब्यांवरची इंग्रजी अक्षरं वहीत उतरवून आणली. आम्ही त्याचे मराठी आणि उर्दू अर्थ लिहिले. पहिल्या रकान्यात अक्षर, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात 'कुठे घालायचं', चौथ्यात 'कुठे घालायचं नाही'. चौथा रकाना मुलांनीच सुचवला. एकानं तो मोठ्या कागदावर काढून गॅरेजच्या भिंतीला चिकटवला. त्याचे उस्ताद साठीचे. आधी म्हणाले, "आता टीचर आम्हाला ग्रीस शिकवणार." मग चष्मा लावून उर्दूचा रकाना सगळा वाचला आणि विचारलं, "ब्रेक ऑईलचं पण असं काही करता येईल का?"

आता ते काम चालू आहे. डॉट 3, डॉट 4 वगैरे. मुलगा अजून शाळेत येतो. दुपारी गॅरेज, सकाळी वर्ग. त्याच्या अम्मीनं मला परवा बाजारात विचारलं, "टीचर, दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म कधी निघतो?"